सिंधूची वाटणी कुणाच्या पैशाने झाली

ज्यांच्या सातबाऱ्यावर 'विहीर सामाईक, हिस्सा चार आणे' अशी नोंद आहे, त्यांना पुढचं सगळं समजायला वेळ लागणार नाही. विहीर आजोबांनी खोदलेली. आता चुलत भाऊ चौघे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, दोन दिवस याच्याकडे, दोन दिवस त्याच्याकडे. पाऊसपाणी बरं असेल तोवर कुरकुर होत नाही. मग एकाला वाटतं, विहीर खोल करावी, नवी मोटर बसवावी, वरच्या माळापर्यंत पाइपलाइन न्यावी. पैसे नाहीत म्हणून तो बँकेत जातो. बँकेतले साहेब कागद चाळतात आणि विचारतात, "बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र कुठंय?"

दोन देशांतून वाहणाऱ्या नदीवर धरण बांधायला एखादा देश जागतिक बँकेकडे कर्ज मागायला गेला, की तिथेही जवळपास हाच प्रश्न येतो. जगात अशी सामाईक नदीखोरी तीनशेच्या आसपास आहेत. त्यांच्यावरच्या भांडणांच्या बातम्या आपण वाचतो आणि त्यात पाणी, सीमा, सैन्य एवढंच दिसतं. धरण कुणाच्या पैशाने बांधलं, कालव्याचं बिल कुणी भरलं, हे सहसा कुणी सांगत नाही. पाणीवाटपाच्या बऱ्याच गोष्टी मात्र त्या बिलापाशीच ठरलेल्या असतात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच दारातलं आहे, सिंधू पाणीवाटप कराराचं.

फाळणीआधी पंजाबातले कालवे एकाच प्रांताचे म्हणून आखले गेले होते. रॅडक्लिफ यांनी नकाशावर रेषा ओढली, तेव्हा रावीवरचं माधोपूर आणि सतलजवरचं फिरोजपूर ही दोन्ही हेडवर्क्स, म्हणजे जिथून पाणी कालव्यात वळवलं जातं ती ठिकाणं, भारतात राहिली. त्या कालव्यांवर भिजणारी बरीच जमीन पाकिस्तानात गेली. तात्पुरता 'जैसे थे' करार होता. तो ३१ मार्च १९४८ रोजी संपला आणि दुसऱ्याच दिवशी पूर्व पंजाबने दरवाजे बंद केले. लाहोरच्या बाजूला जाणारे अपर बारी दोआब कालव्याचे फाटे आणि दीपालपूर कालवा कोरडे पडले. दिवस एप्रिलचे होते. गहू काढणीला आलेला, कापसाच्या पेरणीची तयारी चाललेली. कालव्याच्या टेलला ज्याचं शेत असतं आणि आवर्तन आपल्यापर्यंत येईल की नाही याची जो रात्रभर वाट बघतो, त्याला कोरड्या चारीत उभं राहणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. महिनाभराने, ४ मे १९४८ रोजी दिल्लीत समझोता झाला आणि बरंचसं पाणी पुन्हा सुटलं. पण तेवढ्या एका महिन्यात पाकिस्तानला कळून चुकलं की आपल्या पिकाची चावी शेजाऱ्याच्या हातात आहे. ती भीती तिथल्या राजकारणातून आजवर गेलेली नाही.

१९५१ मध्ये डेव्हिड लिलिएंथाल नावाचे अमेरिकन गृहस्थ भारत-पाकिस्तानच्या दौऱ्यावर आले. अमेरिकेतल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे ते माजी अध्यक्ष होते. एका अख्ख्या खोऱ्याचा एकत्र विकास करणारी संस्था त्यांनी चालवली होती. परत गेल्यावर त्यांनी एका मासिकात लिहिलं की सिंधूचं खोरं दोन्ही देशांनी मिळून विकसित करावं आणि त्यासाठी जागतिक बँकेने पैसा उभा करावा. बँकेचे त्या वेळचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी ही कल्पना उचलून धरली आणि दोन्ही पंतप्रधानांना पत्रं लिहिली.

ब्लॅक यांना यात पडण्याचं एक व्यवहारी कारणही होतं. भाक्रा-नांगल प्रकल्पासाठी भारताला बँकेचं कर्ज हवं होतं, त्याला पाकिस्तानने हरकत घेतली. पाकिस्तानला सिंधूवरच्या कोटरी बंधाऱ्यासाठी कर्ज हवं होतं, त्याला भारताची हरकत. पाणी नेमकं कुणाचं हेच ठरलेलं नसेल तर त्या पाण्यावर पैसा कसा लावायचा? दोन्ही अर्ज अडले. आपल्या विहिरीच्या गोष्टीतल्या साहेबांसमोर एकाच वेळी दोन भाऊ कर्ज मागायला बसलेत आणि दोघांनीही एकमेकांच्या अर्जावर सही द्यायला नकार दिलाय, असा तो प्रसंग होता.

इथे थोडं थांबून ही बँक म्हणजे काय ते पाहू, कारण जागतिक बँक म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेची तिजोरी येते. १९४४ मध्ये ठरलेली ही संस्था रचनेने एखाद्या पतसंस्थेसारखी आहे. भागधारक म्हणजे देश, आणि भारत पहिल्यापासूनचा सभासद. प्रत्येकाने भागभांडवलाचा थोडा हिस्सा रोख भरलेला असतो आणि उरलेला 'वेळ आली तर भरू' असं लिहून दिलेलं असतं. एवढ्या देशांच्या शब्दावर बँकेची बाजारात पत तयार होते. त्या पतीवर ती रोखे विकते, स्वस्तात पैसा उचलते आणि वर थोडं व्याज लावून तोच पैसा सभासदांना लांब मुदतीने देते. पहिली काही वर्षं मुद्दल फेडावं लागत नाही. भारताने असं पहिलं कर्ज १९४९ मध्ये रेल्वेसाठी घेतलं. ज्यांना हे व्याजही झेपत नाही त्या गरीब देशांसाठी बँकेची दुसरी शाखा आहे. श्रीमंत देशांच्या वर्गणीतून ती जवळपास बिनव्याजी पैसा देते. ही शाखा सुरू झाली सप्टेंबर १९६० मध्ये, म्हणजे सिंधू करारावर सह्या झाल्या त्याच महिन्यात. याखेरीज अनुदान असतं, जे परत करायचं नसतं, आणि हमी असते, ज्यात बँक स्वतः पैसे न देता दुसऱ्या कर्जाला जामीन राहते. मनिलाची आशियाई विकास बँक, आबिजानची आफ्रिकी विकास बँक, कुवेत-सौदीचे निधी, जर्मनी-जपानच्या सरकारी वित्तसंस्था यांचीही थोड्याफार फरकाने हीच पद्धत आहे.

यात लक्षात ठेवायची गोष्ट ही की कर्ज मिळो वा न मिळो, अर्ज केल्यापासून सावकाराच्या नियमांचं वजन पडायला लागतं. नदी सामाईक असेल तर हे वजन दोन्ही काठांवर पडतं.

१९५२ मध्ये वॉशिंग्टनला बोलणी सुरू झाली. तिन्ही बाजूंनी अभियंते बसवले होते. बँकेच्या गटाचे प्रमुख जनरल रेमंड व्हीलर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलातून आलेले. लिलिएंथाल यांची एकत्र खोऱ्याची कल्पना लवकरच मागे पडली, कारण एकमेकांवर तेवढा विश्वास कुणाचाच नव्हता. ५ फेब्रुवारी १९५४ रोजी बँकेने स्वतःचा प्रस्ताव मांडला: पाणी वाटू नका, नद्याच वाटा. पूर्वेकडच्या तीन, रावी, बियास आणि सतलज, भारताला. पश्चिमेकडच्या तीन, सिंधू, झेलम आणि चिनाब, थोडे ठरावीक वापर भारताला ठेवून पाकिस्तानला. भावकीत दररोजच्या पाळीवरून डोकी फुटायला लागली की जाणती माणसं सांगतात, "आता वेगळं व्हा, ही विहीर तुझी, ती त्याची." तसंच हे. पाण्याच्या हिशोबात पाकिस्तानकडे सुमारे ८० टक्के आणि भारताकडे सुमारे २० टक्के आलं. या आकड्यावरून आपल्याकडे आजही नाराजी आहे. पण फाळणीआधीपासून सिंधूच्या पाण्यावर भिजणारी बहुतेक जमीन पाकिस्तानात गेली होती, हेही त्या आकड्याच्या मागे आहे.

भारताने होकार कळवला. पाकिस्तानचा होकार मात्र 'पण' लावून आला, आणि त्या 'पण'मध्ये सहा वर्षं गेली. अडचण खरी होती. पूर्वेकडच्या नद्यांवर भिजणाऱ्या पाकिस्तानी शेतांचं काय? रावी-सतलजचं पाणी भारताने घेतलं तर तिथले कालवे कोरडे. त्यांना पाणी द्यायचं तर ते झेलम, चिनाब आणि सिंधूतून शेकडो किलोमीटर लांबीचे जोडकालवे काढून पश्चिमेकडून पूर्वेकडे आणायला हवं. आणि नुसत्या कालव्यांनी भागत नाही, कारण हिवाळ्यात त्या नद्यांनाही पाणी कमी असतं, म्हणून साठवणीची धरणं हवीत. हा सगळा खर्च कुणी करायचा? भारत म्हणाला, बदली कालव्यांचा वाजवी खर्च देऊ, पण पाकिस्तानच्या नव्या धरणांचा भार आम्ही का उचलायचा? पाकिस्तान म्हणाला, आमचं चालू पाणी तुम्ही घेताय तर सगळं भरून द्या. एकाची द्यायची तयारी आणि दुसऱ्याची मागणी यांच्यामध्ये भली मोठी दरी होती.

माझ्या मते हा करार कुठल्याही भाषणाने झाला नाही, तो झाला ही दरी पैशाने बुजवली म्हणून. बँकेचे उपाध्यक्ष विल्यम इलिफ यांनी आणि ब्लॅक यांनी राजधान्यांचे उंबरे झिजवले. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना तयार केलं. शीतयुद्धाचे दिवस होते. दक्षिण आशियात युद्ध नको आणि पाकिस्तान आपल्या गोटात राहावा, ही या देशांची गरज होती. त्यांचं अनुदान, अमेरिकेचं आणि जागतिक बँकेचं कर्ज आणि भारताचा हिस्सा मिळून सुमारे ९० कोटी डॉलरचा 'सिंधू खोरे विकास निधी' उभा राहिला. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी पाणीवाटपाच्या करारावर सह्या केल्या, आणि त्याच दिवशी या निधीच्या करारावरही सह्या झाल्या. ही दोन कागदपत्रं जोडीने वाचली नाहीत तर पहिल्याचा अर्थ नीट लागत नाही.

भारताचा हिस्सा करारातच आकड्याने लिहिला आहे: ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड. त्या वेळच्या दराने साधारण ८३ कोटी रुपये. दहा सारख्या वार्षिक हप्त्यांत, दर वर्षी १ नोव्हेंबरला द्यायचा. परकीय चलनाची टंचाई असलेल्या भारताला ही रक्कम लहान नव्हती, संसदेत टीकाही पुष्कळ झाली. १९६५ चं युद्ध २३ सप्टेंबरला थांबलं आणि सव्वा महिन्यात हप्त्याची तारीख आली. ज्या देशाशी नुकतीच लढाई झाली, त्याच्या कालव्यांसाठीचा तो हप्ता भारताने भरला. पंजाब-राजस्थानला पूर्वेकडच्या नद्यांचं सगळं पाणी मिळायचं होतं ते या हप्त्यांच्या बदल्यात. जैसलमेरपर्यंत गेलेला आजचा इंदिरा गांधी कालवा त्याच पाण्यावर चालतो.

कराराबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की तो इथेच दूर करायला हवा. जागतिक बँक या कराराची जामीनदार आहे असं सर्रास बोललं जातं. तशी ती नाही. इलिफ यांनी बँकेतर्फे सही केली, पण ती काही ठरावीक कलमांपुरती: पैशाचं कलम, संक्रमणकाळातली व्यवस्था आणि वाद झाला तर तटस्थ तज्ज्ञ किंवा लवाद न्यायालयाच्या नेमणुकीत मदत. निधीचा हिशोब बँकेने ठेवला, कामं पुढे सरकतील तसे पैसे सोडले. निधीचं काम झालं तशी तिच्या हातातली मोठी चावी गेली. मागे उरली ती नेमणुकीची चिठ्ठी.

त्या पैशातून पाकिस्तानात काय उभं राहिलं? झेलमवर मंगला धरण, पाच बंधारे, मैलसीचा एक सायफन (नदीच्या खालून कालवा नेणारं बांधकाम), आठ जोडकालवे. खर्च अंदाजापेक्षा वाढत गेला, तेव्हा १९६४ मध्ये निधीत भर घालावी लागली आणि सिंधूवरच्या तारबेला धरणासाठी १९६८ मध्ये वेगळा निधी काढावा लागला. मंगलाचं काम अमेरिकी कंपन्यांच्या समूहाला मिळालं, तारबेलाचं इटालियन नेतृत्वाखालच्या समूहाला. विकासाच्या पैशाची ही एक रीत आहे. देणाऱ्या देशांतून निघालेला पैसा यंत्रं, सल्लागार आणि ठेकेदार यांच्या वाटेने बऱ्याच अंशी त्याच देशांत परततो. काठावर धरण उभं राहतं हेही तितकंच खरं.

मंगला धरण १९६७ मध्ये पुरं झालं. त्याच्या बुडीत क्षेत्रात पाकव्याप्त काश्मीरमधलं जुनं मीरपूर शहर आणि आसपासची शेकडो गावं गेली. एक लाखाहून जास्त माणसं उठली. त्यातली पुष्कळ ब्रिटनला गेली, तिथल्या कापड गिरण्यांत आणि कारखान्यांत कामाला लागली. आज ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅममध्ये जी मोठी मीरपुरी वस्ती आहे, तिच्या मुळाशी हे धरणही आहे. हिवाळ्याच्या शेवटाला जलाशयाची पातळी उतरते तेव्हा जुनं मीरपूर पुन्हा वर येतं. गाळाने माखलेली मंदिरं, गुरुद्वारा, दर्गे, घरांचे चौथरे. पाणी आटलं की लोक तिथे चालत जातात, दर्ग्यावर चादर चढवतात, कबरी साफ करतात. पाऊस आणि वितळता बर्फ आला की सगळं पुन्हा पाण्याखाली. उजनी, कोयनेच्या काठावरच्या कुणालाही हे दृश्य परकं वाटणार नाही.

वॉशिंग्टन आणि कराचीतल्या टेबलाभोवती सरकारं होती, बँक होती, सहा देशांचे देणगीदार होते. मीरपूरचं कुणी नव्हतं. त्या काळी बँकेच्या नियमात धरणग्रस्तांसाठी वेगळं पानही नव्हतं. ते पान पुढे लिहिलं गेलं आणि त्यात आपल्या नंदुरबारच्या लोकांचा वाटा मोठा आहे. तिकडे येतोच.

त्याआधी यूजीन ब्लॅक यांचीच दुसरी नदी. सिंधूची बोलणी चालू असताना ते इजिप्तमध्ये आस्वानच्या उंच धरणासाठीही पैसा जमवत होते. अमेरिका आणि ब्रिटन काही अनुदान देणार, बँक २० कोटी डॉलर कर्ज देणार, असं ठरत आलं होतं. इजिप्तचे नेते नासर यांची सोव्हिएत गटाशी जवळीक वाढली आणि जुलै १९५६ मध्ये अमेरिकेने अंग काढून घेतलं. बँकेचं कर्ज त्या मदतीला बांधलेलं होतं, तेही गेलं. आठवडाभरात नासर यांनी सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि वर्ष संपायच्या आत तिथे युद्ध झालं. धरण शेवटी सोव्हिएत पैशाने आणि अभियंत्यांच्या मदतीने झालं. बँक तीच, अध्यक्ष तेच, साल जवळपास तेच. सिंधूवर मोठ्या देशांना समझोता हवा होता म्हणून पैसा आला, नाईलवर त्यांचं मन फिरलं म्हणून गेला. विकासाचा पैसा तटस्थ असतो असं मानणाऱ्यांनी या दोन नद्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

नाईलची गोष्ट इथे संपत नाही. सामाईक नद्यांबाबत बँकेने पुढे आपला नियम पक्का केला. कर्ज मागणाऱ्या देशाने नदीवरच्या बाकीच्या देशांना प्रकल्पाचा तपशील कळवायचा, त्यांना उत्तराला साधारण सहा महिन्यांपर्यंत वेळ द्यायचा. कुणी हरकत घेतली म्हणून कर्ज आपोआप बंद होत नाही, बँक स्वतंत्र तज्ज्ञांचं मत घेऊ शकते. पण प्रत्यक्षात खालच्या देशाची ठाम हरकत असलेल्या मोठ्या धरणाला हात लावायला कुठलीच मोठी विकास बँक सहसा धजत नाही. नियम लिहिला गेला तो कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून. त्याचा परिणाम असा की ज्याचं धरण आधी झालं त्याचं फावलं आणि वरच्या गरीब देशाचं अडलं. इथियोपियाला हा अनुभव पुरेपूर आला. निळ्या नाईलचा उगम त्यांच्या डोंगरात, आणि मोठ्या धरणासाठी पैसे द्यायला कुणी तयार नाही, कारण इजिप्तची हरकत. २०११ मध्ये त्यांनी ठरवलं, आपल्याच पैशाने बांधायचं. सरकारने रोखे काढले. शिक्षकांनी, कारकुनांनी पगारातून ते घेतले, परदेशातल्या इथियोपियनांनी घेतले. वीजवाहिन्या आणि यंत्रं यांसाठी काही चिनी कर्ज आलं. ५,१५० मेगावॅटचं ते धरण ९ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झालं. मला या जिद्दीबद्दल आदर आहे. पण एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही: सावकार बाजूला झाला तसा दोन्ही बाजूंना एका टेबलावर बसवू शकणारा माणूसही बाजूला झाला. दुष्काळात धरणातून किती पाणी सोडायचं, यावर इथियोपिया, सुदान आणि इजिप्त या तिन्ही देशांचा बांधील करार झालेला नाही.

याच्या अगदी उलट काम पश्चिम आफ्रिकेत झालं, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. सेनेगल नदी माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या देशांतून वाहते. उगमाकडे गिनी आहे. १९७० च्या दशकात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात भयंकर दुष्काळ पडला, गुरं मेली, माणसं स्थलांतरित झाली. १९७२ मध्ये तीन देशांनी मिळून नदीची संस्था काढली. गिनी पुढे २००६ मध्ये आला. त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली: नदीवरची मोठी बांधकामं कुठल्याही एका देशाची नसतील, तिघांची सामाईक मालमत्ता असतील. १९७८ मध्ये तसा करारच केला. मनंताली धरण मालीच्या जमिनीवर आहे, पण सातबारा तिघांच्या नावावर, असं म्हणा ना. कर्जही कुणी किती फेडायचं याचं सूत्र ठरवलं: ज्याला जेवढा फायदा, त्याच्यावर तेवढा बोजा, आणि एकमेकांच्या कर्जाला हमी. मगच अरब निधी, आफ्रिकी विकास बँक, जर्मनी, फ्रान्स यांनी पैसे दिले. जागतिक बँक धरणाच्या वेळी दूर राहिली, वीजघराच्या वेळी आली. समुद्राजवळचं दियामा १९८६ मध्ये आणि मनंताली १९८८ मध्ये पुरं झालं. विजेची वाटणी मालीला ५२ टक्के, सेनेगलला ३३, मॉरिटानियाला १५.

१९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानियात नदीकाठच्या जमिनीवरून रक्तपात झाला, माणसं मारली गेली, हजारोंना देश सोडावा लागला. तरीही नदीची संस्था मोडली नाही. सामाईक कर्ज असलेल्या घरात भांडण झालं तरी हप्त्याच्या दिवशी एकत्र बसावं लागतं, हे त्यामागचं एक कारण आहे असं मला वाटतं. अर्थात किंमत इथेही गरिबानेच मोजली. दियामामुळे खारं पाणी वर येणं थांबलं, भातशेती झाली, पण गोड्या, संथ पाण्यात गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्यातून पसरणाऱ्या बिल्हार्झिया रोगाने काठावरची गावं भरली. लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणारी शाळकरी मुलं, हा विकासाच्या त्या पैशाचा हिशोबात न धरलेला भाग होता.

आता नर्मदा. ती देशांची सीमा ओलांडत नाही, पण मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात अशी सामाईक आहेच. तिच्या पाण्यात राजस्थानलाही वाटा मिळाला. १९७९ च्या लवादाने वाटप ठरवलं: सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राला २७ टक्के, आणि पाण्याखाली जाणारी महाराष्ट्रातली ३३ गावं, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, बहुतेक आदिवासींची. १९८५ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पाला ४५ कोटी डॉलर मंजूर केले. पुढची कहाणी मराठी वाचकाला ठाऊक आहे. या ३३ गावांतल्या मणिबेलीत लोक पाणी चढत असताना घरात उभे राहिले. जपानने १९९० मध्ये पुढची मदत थांबवली. बँकेने स्वतःच्याच प्रकल्पाची चौकशी बाहेरच्या माणसांकडून करवली, ब्रॅडफर्ड मॉर्स यांच्या समितीकडून. तिचा १९९२ चा अहवाल पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींवर कडक होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको असं कळवलं. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. जगात कुठेही बँकेच्या प्रकल्पाने ज्यांचं नुकसान झालं त्यांना थेट तक्रार करता येईल अशी ही पहिली जागा. धरण मात्र थांबलं नाही. राज्याच्या पैशाने ते पूर्ण उंचीपर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं.

मीरपूर आणि मणिबेली यांच्यात तीस वर्षांचं अंतर आहे. मीरपूरच्या माणसाला कुठे जाऊन तक्रार करायची हे माहीत नव्हतं, कारण तशी जागाच नव्हती. मणिबेलीच्या माणसाने ती जागा करून घेतली, पण स्वतःचं गाव त्याला वाचवता आलं नाही. नियम बँकेचा पैसा असेपर्यंतच लागू असतो. पैसा गेला की नियमही त्याच्याबरोबर जातो. आज मोठी धरणं अनेकदा देशी बँका, खासगी कंपन्या, चिनी कर्ज अशा पैशातून होतात. तिथे हिस्सेदाराच्या संमतीपत्राचा प्रश्न विचारला जाईलच असं नाही.

पुन्हा सिंधूकडे. करार तीन युद्धं पाहून टिकला, कारण पुष्कळ भांडणं अभियंत्यांच्या टेबलावर राहिली. चिनाबवरच्या भारताच्या बगलिहार वीजप्रकल्पाचा वाद २००५ मध्ये तटस्थ तज्ज्ञाकडे गेला. रेमंड लाफित या स्विस अभियंत्याने २००७ मध्ये निर्णय दिला आणि दोन्ही देशांनी तो पाळला. पण किशनगंगा आणि रातले या भारताच्याच वीजप्रकल्पांवर भारताला तटस्थ तज्ज्ञ हवा होता आणि पाकिस्तानला लवाद न्यायालय. २०१६ मध्ये बँकेने दोन्ही प्रक्रिया थांबवल्या आणि २०२२ मध्ये दोन्ही एकदम सुरू केल्या. एकाच वादाला दोन पंच. मला हा बँकेच्या बाजूने झालेला मोठा चुकीचा निर्णय वाटतो. भारताने २०२३ आणि २०२४ मध्ये करार बदलण्याची नोटीस दिली. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये निरपराध पर्यटकांची हत्या झाली, त्यात महाराष्ट्रातलीही माणसं होती. दुसऱ्या दिवशी भारताने करार स्थगित ठेवत असल्याचं जाहीर केलं.

तेव्हा सगळ्यांच्या नजरा बँकेकडे वळल्या. बँकेचे अध्यक्ष अजय बंगा यांनी सांगितलं की बँकेची भूमिका सुविधा पुरवणाऱ्याची आहे, त्यापलीकडे नाही. बंगा यांचा जन्म पुण्याजवळच्या खडकीचा. १९६० मध्ये ब्लॅक यांच्या हातात ९० कोटी डॉलरचा निधी होता, सहा देशांचा पाठिंबा होता, दोन्ही अर्जदारांची गरज होती. बंगांच्या हातात करारातलं एक परिशिष्ट आहे. भारत आज बँकेचा जुना, मोठा आणि भरवशाचा कर्जदार आहे. मंजूर होणाऱ्या कर्जाच्या जोरावर त्याला टेबलावर बसवता येईल ते दिवस गेले.

त्या कराराने भूजलाबद्दल एक नियमसुद्धा घातलेला नाही. दोन्ही पंजाबांत लाखो मोटरी रात्रंदिवस उपसा करतात, पाण्याची पातळी दोन्हीकडे खाली चालली आहे, आणि जमिनीखालच्या त्या सामाईक विहिरीचा सातबारा कुणी काढलेला नाही.